येळवशीचे तीन वक्ते

बायनामायची आणि माझी भिंत एक. मातीची, पुरुषभर उंचीची आणि मधोमध भगदाड पडलेली. ते बुजवावं असं दोन्ही घरांना वीस वर्षांत कधी वाटलं नाही, कारण त्यातून विस्तव, विरजण आणि बातम्या यांची ये-जा चालायची. विस्तव आणि विरजण दोन्हीकडून जायचं. बातम्या फक्त तुमच्याकडून जातात, असं माझी बायको कमलबाई म्हणते. म्हणू द्या. तळेगव्हाणात बायनामायबद्दल सगळ्यांना थोडंथोडं माहीत आहे, आणि सगळं फक्त त्या भगदाडाला.

आमचं गाव जिंतूरहून वालूरकडं जाताना लागतं. लागतं म्हणजे तळं आधी लागतं, मग गाव. तळं कोणी बांधलं ते कोणाला ठाऊक नाही, पण दिवाळी झाली की त्यावर कोण उतरतं ते लहान पोरालाही ठाऊक. उत्तरेकडून करकोचे येतात, राखी अंगाचे, काळ्या गळ्याचे, हजारानं. विटकरी रंगाची चकवा-चकवी येतात. पाणकावळे, शेकाटे आणि बुडी मारून भलतीकडंच वर येणाऱ्या टिबुकल्या तर असतातच. या तळ्यावर बंदूक वाजवायची नाही, आणि पाण्याच्या कडेचं ज्वारीचं एक तास, म्हणजे एक ओळ, न कापता सोडायचं, ही गावाची जुनी रीत. त्या तासाला आम्ही पाखराचं तास म्हणतो. रीत गावाची असली तरी ते तास बायनामायच्या रानातलं. त्यामुळं पुण्य गावाला आणि तोटा तिला, अशी ती वाटणी होती.

बायनामायचं माहेर पालमकडचं, गोदेच्या काठचं. मानमोडीच्या साथीत नवरा गेला तेव्हा ती चाळिशीची असेल. पदरात एक लेक. दीर म्हणाला, ‘‘वयनी, तळ्याकाठचं रान एकल्या बाईला राखणं व्हायचं न्हाई. पाखरं सगळं खाऊन जात्यात. माज्या नावावर करा, मी दाणे पोचवीन.’’ बायनामायनं बाभळीचे चार खांब पुरले, त्यांवर माळा बांधला आणि गोफण घेऊन वर जाऊन बसली. कणीस भरल्यापासून खळं होईपर्यंत ती उतरली ती फक्त पाणी भरायला आणि लेकीची वेणी घालायला. दीर रोज बांधावर येऊन बघायचा. एक दिवस त्याच्या फेट्याच्या अंगठाभर वरून गोफणगुंडा गेला. दीर म्हणाला, ‘‘वयनी, नेम चुकला का?’’ ती वरून म्हणाली, ‘‘चुकला न्हाई भावजी.’’ त्यानंतर रानाचा विषय त्यानं काढला नाही.

माळ्यावर बसून बाई करणार काय? पाखरं बघू लागली. पहिल्या साली शिव्या देत बघितली, दुसऱ्या साली नावं घेऊन शिव्या देत बघितली. तिसऱ्या सालापासून तिचा नियम ठरला: रानात उतरलं तर गोफण, पाण्यावर उतरलं तर पाहुणा. आणि गंमत सांगतो, करकोच्यांनाही तो नियम कळला होता. म्हणजे कळून ते मोडायचे.

तिच्या माहेरी येळवस करतात. मार्गशीर्षातल्या अमावस्येला सगळं घर रानात जातं, पाच खडे मांडून पूजा करतं आणि ज्वारीच्या उभ्या ताटांत बसून पालेभाज्यांची भज्जी, ज्वारीचे उंडे आणि ताकातली आंबील पोटभर खातं. आमच्याकडं ही रीत नव्हती. बायनामायनं ती पालमहून डोक्यावरच्या आंबिलाच्या मडक्याबरोबर आणली. लेक वालूरला दिली तेव्हा येळवशीला तिची सासरची माणसं आली. जेवण व्हायच्या आधी बायनामायनं त्यांना तळ्याकडं तोंड करून बसवलं आणि करकोचे दाखवले. पुढच्या साली त्यांचे शेजारी आले. मग शेजाऱ्यांचे शेजारी. दहा-बारा वर्षांत शंभर माणूस जमायला लागलं. एकाला पाखरं बघायची आवड असते, दुसऱ्याला भज्जीची. बायनामाय भेद करत नसे. भज्जी पाखरांनंतरच मिळायची, एवढंच.

बसायचे तिचे कायदे मात्र कडक. पांढरं धोतर दिसलं की चकवा उठतो, म्हणून प्रत्येकानं काळी घोंगडी पांघरायची. बायांनी बांगड्यांवर चिंधी गुंडाळायची. सूर्य पाठीशी घेऊन बसायचं. आणि करकोचे पाणी पिऊन निघेपर्यंत कोणी एक शब्द बोलायचा नाही. मला दर साली ती आपल्या डोळ्यांसमोर बसवायची. ‘‘दिनकऱ्या,’’ म्हणायची, ‘‘तुला बोलल्याबिगर ऱ्हावत न्हाई. तोंडात सुपारी धर.’’

हे असं चाललं होतं. मग फसली तेराशे अठ्ठेचाळीस उजाडलं, म्हणजे इंग्रजी अडतीसचा हिवाळा. मुलखात सत्याग्रहाची हवा होती. पाच माणसं एकत्र शिंकली तरी सरकारला त्यात कट दिसायचा, आणि जमाव करायचा तर आधी कचेरीची परवानगी लागायची. त्याच दिवसांत पोलिसांचे नवे अमीन आले. नाव व्यंकटराव. तेलंगणाकडचे, इस्त्रीचा कोट, आणि खिशात एक वही. त्या वहीचं कौतुक आधीच सांगून ठेवतो. तिच्या पानांवर छापील नंबर होते. एक पान फाडलं तर हिशेब वर द्यावा लागायचा, म्हणून अमीनसाहेब जे लिहीत ते कायमचं.

एका सकाळी त्यांनी बायनामायला चावडीवर बोलावलं. बरोबर मला बोलावलं, कारण गावात उर्दू चौथी शिकलेला मीच, आणि सगळ्यांचे अर्ज मीच लिहायचो. पोलीस पाटील आबासाहेब बाजूला उभे होते. त्यांचा स्वभाव असा की ज्याच्या बाजूला उभे असतील त्याचंच त्यांना पटायचं.

‘‘बाई,’’ अमीनसाहेब म्हणाले, ‘‘मागच्या साली तुमच्या रानात शंभर लोगां जमले होते. काय करत होते?’’

‘‘पाखरं बगायलते.’’

‘‘बोलत काय होते?’’

‘‘काई न्हाई. बोललं की पाखरं उठत्यात.’’

अमीनसाहेबांनी वही मिटली. ‘‘मी नारे ऐकले, भाषणं ऐकली. जो ओरडतो त्याची मला फिकीर नाही, त्याला कसा धरायचा ते मला येतं. पण शंभर माणूस काळी घोंगडी पांघरून, बायां बांगड्यांना चिंध्या बांधून, दोन-तीन तास चुपचाप बसतो. आणि एक बाई माळ्यावर उंच बसून हातानं इशारे करते. हे पाखरं बघणं हाय म्हणता?’’

खरं सांगतो, त्यांनी ते तसं सांगितल्यावर मलाही आमची जराशी भीती वाटली.

आबासाहेब म्हणाले, ‘‘साहेब, ती येळवस हाय. सण.’’

‘‘या गावात येळवस करतात?’’

‘‘न्हाई. म्हंजे पालमकडं करत्यात.’’

‘‘मग पालमला करा.’’ अमीनसाहेब उठले. ‘‘हुकूम ऐका. तळ्यावर पाचाच्या वर माणूस दिसला नाही पाहिजे. आणि तो माळा पाडायचा. ते राखणीचं मचाण नाही, सभा-जलशाचा मंच हाय. अमावस्येच्या आत पाडा, नाहीतर मी पाडतो.’’

बायनामाय उठली नाही. ‘‘आन् परवानगी आणली तर?’’

‘‘कुणाची?’’

‘‘तुमच्या कचेरीची. जमाव कराया परवानगी लागती म्हन्ता. मग ती मिळत बी आसंल.’’

अमीनसाहेब हसले. परवानगीचा कागद भल्याभल्या वकिलांना मिळत नव्हता. ‘‘आणा,’’ म्हणाले. ‘‘कागद आणला तर मी स्वतः येऊन बसेन.’’

संध्याकाळी भगदाडातून हाक आली. ‘‘दिनकऱ्या, दौत काढ.’’

मी तिला पुष्कळ समजावलं. माळा पाड, महिन्याभरानं पुन्हा बांध. अमीन किती दिवस टिकतात? या वर्षी गप बस.

‘‘गपच बसायला लागले की रं मी बारा साल,’’ ती म्हणाली. ‘‘त्याच्यावरच तर त्याला राग हाय. त्या माळ्यावर बसून मी माजं रान राखलं. दिराला दिलं न्हाई. आता ह्या कोटवाल्याच्या भ्यानं खाली उतरू? आन् तळ्याचा काठ काय त्याच्या बापानं लिपला? लिव अर्ज. पन एक ध्यानात ठीव, त्यात खोटं अक्षर नको. खोटं सापडलं तर माळा जाईल. खरं लिवलं तर त्याला काय धरता यीना.’’

अर्जाचा छापील नमुना माझ्याकडं होता. जलशाची जागा: बायनाबाईचं रान, माळ्याजवळ. जलशाचा विषय? ती म्हणाली, ‘‘येणं-जाणं आणि दाणापाणी.’’ मी लिहिलं. मग आला तो खरा रकाना. मुकर्रिर, म्हणजे वक्ते. त्यांची नावं, बापाचं नाव, राहणार कुठले, पेशा काय.

‘‘वक्ता कोणी नाही असं लिहितो,’’ मी म्हणालो.

‘‘रकाना मोकळा सोडला की अर्ज माघारी येतो, तूच म्हन्तोस नव्हं? तळ्यावर बोलतं कोन? ज्ये बोलत्यात त्यांची नावं लिव.’’

मी तिच्या तोंडाकडं बघितलं. ती विनोद करत नव्हती. विनोद करायचं काम माझं होतं, आणि त्या दिवशी मला ते जमत नव्हतं.

पहिला वक्ता, करकोचा. बाप, करकोचाच. राहणार उत्तरेकडं, डोंगरापलीकडं. पेशा, प्रवास. दुसरा, चकवा. राहणार तिकडंच. पेशा विचारला तर म्हणाली, ‘‘बायकोला हाका मारनं.’’ मी ‘घरगृहस्थी’ असं लिहिलं. झालं, म्हणून मी टाक ठेवत होतो.

‘‘टिटवी ऱ्हायली.’’

‘‘माय, दोन पुरे आहेत. उगाच कशाला वाढवायचं?’’

‘‘टिटवी लिव.’’

‘‘टिटवी कसली वक्ता? ती नुसती बोंबलते.’’

‘‘मंग? सभेत दुसरं काय करत्यात? लिव. टिटवी, ऱ्हानार तळेगव्हाण. पेशा, राखण.’’

लिहिलं.

तालुक्याला आम्ही बैलगाडीनं गेलो. तालुका कुठला ते सांगत नाही, तिथले पेशकार, म्हणजे साहेबांचे कारकून, भले माणूस होते. दौऱ्यावर गेलेल्या साहेबांचा शिक्का त्यांच्या मेजावर होता, जेवणाची वेळ टळून गेली होती, आणि समोर एक म्हातारी ठाण मांडून बसली होती. त्यांनी अर्जाच्या रकान्यांवरून बोट फिरवलं. कोणता रकाना मोकळा आहे तेवढंच ते बोट शोधत होतं.

‘‘हे वक्ते कोणत्या पार्टीचे?’’

‘‘कोनच्या बी न्हाईत, साहेब,’’ बायनामाय म्हणाली. ‘‘दरसाल येत्यात, आपल्या मनानं.’’

‘‘भाषणाची नक्कल आधी जमा करावी लागते.’’

‘‘त्यास्नी लिवाया येत न्हाई.’’

पेशकारांनी ‘मुकर्रिर अनपढ’ असा शेरा मारला. त्यांच्या चेहऱ्यावर जरा समाधान दिसलं. शिकलेले वक्ते त्यांना पुरे झाले असावेत.

‘‘जलसा कधी सुरू?’’

‘‘येळवशीला.’’

‘‘संपणार कधी?’’

इथं मी तोंड उघडणार होतो, की तिसऱ्या प्रहरी. बायनामायनं माझ्या पायावर पाय दिला. ‘‘वक्ते गेले की संपंल,’’ ती म्हणाली. ‘‘ते हायेत तवर आमी कसं उठावं?’’

पेशकारांना त्यात आदब दिसली. त्यांनी लिहिलं: मुकर्रिर रवाना होईपर्यंत. मग शिक्का उचलून कागदावर दाबला. खाली छापील शर्ती होत्या त्या त्यांनी आम्हाला वाचून दाखवल्या, तो त्यांचा नियम. हत्यार आणायचं नाही. सरकारविरुद्ध बोलायचं नाही. आणि चौथी शर्त, अर्जात ज्यांची नावं आहेत त्या वक्त्यांखेरीज जलशात कोणीही तोंड उघडायचं नाही.

‘‘ही चौथी लय ब्येस हाय,’’ बायनामाय म्हणाली. ‘‘ही मी बारा साल सांगायले, कोन ऐकत न्हाई. आता सरकारनंच सांगितलं.’’

परतीच्या वाटेवर तिनं तो कागद बांबूच्या नळीत घातला आणि रानात पोचल्यावर नळी माळ्याच्या खांबाला बांधली.

येळवशीचा दिवस उजाडला. मला वाटलं होतं, अमीनच्या भीतीनं दहा माणसं येतील. आली दीडशे. वालूरची एक आजीबाई पाठुंगळी बसून आली. निम्म्यांना करकोचा आणि बगळा यातला फरक कळत नव्हता, पण बसू नका म्हटल्यावर बसायचं, एवढं सगळ्यांना कळत होतं. सगळे घोंगडी पांघरून, तळ्याकडं तोंड करून बसले. आंबिलाची मडकी मागं ज्वारीच्या ताटांच्या सावलीत. बायनामाय वर माळ्यावर. मी समोर, तोंडात सुपारी.

दिवस कासराभर वर आला आणि बांधावर घोडा दिसला. अमीनसाहेब आणि दोन शिपाई. बायनामायनं हात हलवून मला पिटाळलं, आणि मी घोडा तळ्यापासून लांब, बाभळीखालीच थांबवला. साहेब पायी चालत आले. दीडशे काळ्या घोंगड्या एका ओळीत बघून त्यांचा चेहरा असा झाला की जणू पाण्यात पाय टाकला आणि तळ लागला नाही.

‘‘ये क्या...’’

बायनामायनं वरून ओठांवर बोट ठेवलं. मी नळीतून कागद काढून त्यांच्यापुढं धरला. चौथ्या शर्तीवर माझं बोट होतं. साहेबांनी शिक्का बघितला, उलटून बघितला, पुन्हा सरळ केला. मग वक्त्यांची नावं वाचली. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. असं तीन वेळा झालं. सुपारी मी तेव्हाच गिळली.

तेवढ्यात काठावरची टिटवी त्यांच्या पायाशी उठली आणि डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली. साहेबांनी वर बघितलं. कागदाकडं बघितलं. यादीत तिसरं नाव तिचं होतं.

बायनामायनं एक घोंगडी खाली टाकली आणि त्यांच्या पट्ट्याच्या चकचकीत बकलाकडं बोट दाखवलं. उन्हात ते बकल आरशासारखं चमकत होतं. दीडशे माणसं मान न वळवता बसली होती. ‘‘कागद आणला तर मी येऊन बसेन’’ असं साहेब चावडीवर बोलले होते, ते आबासाहेबांनी ऐकलं होतं आणि माझ्याकडून सगळ्यांनी. ते बसले. घोंगडी पांघरली. शिपायांनीही पांघरली. आणि सवयीनं साहेबांचा हात खिशात गेला, वही निघाली. जलशाला हजर अमीननं भाषणं टिपायची असतात.

मग आवाज आला. करकोचे दिसतात मागून, आधी ऐकू येतात. उत्तरेकडच्या आभाळात कोणीतरी लांबवर गाडीचं कोरडं चाक फिरवतंय असा आवाज. मग एक रेघ, मग दुसरी, मग रेघांच्या रेघा. डोक्यावर आल्यावर त्या मोडल्या आणि सगळं आभाळ गोल फिरू लागलं. पाय खाली सोडून, पंख ताणून ते उतरत होते, एकेक करून, घाई नाही, आणि प्रत्येकजण उतरताना काहीतरी बोलत होता. काठ राखी झाला. पलीकडून चकव्यानं हाक दिली, चकवीनं उत्तर दिलं. पाणी प्यायचं, मान वर करायची, पुन्हा प्यायचं. वालूरच्या आजीबाईंच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि पुसायला हात हलवायची सोय नव्हती.

मी तिरक्या नजरेनं वहीकडं बघितलं. उर्दूत तीन ओळी झाल्या होत्या. ‘पहिला मुकर्रिर मोठ्या जमातीसह हजर. भाषण लांब. सरकारविरुद्ध काही आढळलं नाही.’

तिसऱ्या प्रहराआधी करकोचे उठून गेले आणि माणसांनी श्वास सोडला. अमीनसाहेबही उभे राहिले, आणि तीन तासांचं सगळं तोंडातून एकदम आलं. ‘‘तुम्ही सरकारची मस्करी केली. पाखरांना वक्ता लिहिलं. हा माळा मी आत्ता पाडतो.’’

बायनामाय माळ्यावरून हलली नाही. ‘‘खोटं काय लिवलं ते दाखवा, साहेब. ते आले का न्हाई? बोलले का न्हाई? तुमच्याच वहीत हाय.’’

‘‘जलसा संपला. आता पाडतो.’’

‘‘संपला कुटं? कागद बगा. वक्ते रवाना होईस्तवर. ते रानात चराया गेल्यात, उद्या परत येत्यात.’’

साहेबांनी कागद वाचला. ‘‘रवाना कधी होणार?’’

‘‘फाल्गुनात.’’

घोंगड्यांच्या ओळीतून एक हसू फुटलं आणि लगेच दबलं. हसणारा मी नव्हतो, असं मी आजवर सांगत आलोय. साहेब म्हणाले, ‘‘बाई, फाल्गुनात मी येतो. त्या दिवशी हा माळा आणि हा काठ, दोन्ही खलास.’’

‘‘या. आंबील पिऊन जाता का?’’

ते प्यायले नाहीत. शिपाई लिंबाजी मागं रेंगाळला, तो प्यायला. दोन वाट्या.

दुसऱ्या दिवशी साहेब परवानगी रद्द करायला कचेरीत गेले, ही बातमी मला तिथल्याच एकानं दिली. पेशकार म्हणाले, रद्द करायची तर कारण लिहावं लागेल. कारण काय, तर वक्ते पाखरं आहेत. मग वर विचारतील, शिक्का कोणी दिला? माझं नाव. आणि भाषणं कोणी टिपली? नंबरी पानावर, तुमचं नाव. दोघांचं ठरलं की फाल्गुनापर्यंत थांबावं.

तोवर लिंबाजीला तळ्यावर नेमलं. दर आठवड्याला त्यानं रिपोट द्यायचा. तो द्यायचा, ‘मुकर्रिर हजर.’ दिवसभर माळ्याखाली बसून तो बायनामायकडून पाखरांची नावं शिकला. शिकवताना ती त्याच्याकडून गोफणगुंडे वेचून घ्यायची. गाव मात्र दबून होतं. आबासाहेब मला सांगायचे की माळा जाणार, साहेबाचंही खरं आहे. बायनामायला सांगायचे की माळा राहणार, तुमचंही खरं आहे. ज्वारी निघाली, खळं झालं, पाखराचं तास तेवढं पाण्याकडेला उभं होतं. बायनामाय मात्र रोज माळ्यावर. राखायला काही उरलं नव्हतं, तरी.

‘‘माय, दिवस भरत आले,’’ मी एकदा भगदाडातून म्हणालो.

‘‘भरू दे. सगळे येगयेगळ्या दिवशी भरत्यात.’’ मला त्याचा अर्थ लागला नाही, आणि ती तर सांगणाऱ्यातली नव्हती.

होळीच्या आधी एका सकाळी करकोचे उठले आणि रोजच्यासारखे रानांकडं न वळता वर वर जाऊ लागले. दुसऱ्या दिवशी चकवे गेले. लिंबाजीनं रिपोट दिला, ‘दोन मुकर्रिर रवाना.’ साहेबांनी ‘रवाना’ तेवढंच वाचलं. तिसऱ्या दिवशी ते घोड्यावरून आले. बरोबर चार माणसं, दोर आणि कुऱ्हाडी. सगळं गाव बांधावर उभं होतं. बायनामाय माळ्यावर, मांडीवर गोफण.

‘‘उतरा बाई. वक्ते गेले.’’

‘‘नीट मोजा, साहेब. कागदावर तीन हायेत.’’

साहेब उतरले आणि लगाम हातात धरून पुढं सरकले. माळ्यापासून चार हातांवर टिटवी उठली आणि अशी ओरडली की साहेबांचा घोडा मागं सरला. ती वर गेली, खाली आली, त्यांच्या टोपीला पंख लावून पुन्हा वर. दुसरी टिटवी बाजूनं आली. लिंबाजी मधे धावला. ‘‘साहेब, पाय जपून. खाली अंडी हायेत.’’ सगळ्यांनी वाकून बघितलं. उघड्या जमिनीवर खड्यांमध्ये खड्यांसारखी चार अंडी. शोधून सापडली नसती. साहेबांचा बूट वितीवर होता.

‘‘तिसरं भाषण चालू हाय,’’ बायनामाय वरून म्हणाली. ‘‘चौथी शर्त ध्यानात हाय नव्हं? मधी बोलू नका.’’

साहेबांनी हात पुढं केला, मी कागद दिला. तिसरं नाव त्यांनी बोटानं वाचलं. टिटवी, राहणार तळेगव्हाण. ‘रवाना होईपर्यंत’ वाचलं. मग वर बघून अगदी हळू आवाजात विचारलं, ‘‘ही कधी जाते?’’

‘‘ती कुटं जाईल? बाहेरून मी आलेले हाय, पालमकून. तुमी आलेत, तेलंगणाकून. ती हितलीच हाय. बारा म्हैने.’’

तेव्हा कुठं मला कळलं की त्या संध्याकाळी टाक ठेवताना तिनं मला का थांबवलं होतं. तीन महिने मी ते कोडं शेजारी घेऊन झोपत होतो आणि मला वास आला नव्हता. माझ्यासारख्या माणसाला ही फार लाजिरवाणी गोष्ट आहे.

टिटवी ओरडतच होती. मग अमीनसाहेबांनी कागदाची घडी केली, आधी होती तशीच, माझ्या हातात दिली आणि घोड्याकडं वळले. चार माणसं त्यांच्यामागं निघाली. वही त्यांनी त्या दिवशी काढली नाही. पुढच्या पावसाळ्यात त्यांची बदली झाली. तळ्यावर किती माणसं बसतात ते त्यानंतर कचेरीतून कोणी मोजलं नाही, आणि येळवशीला दोनशे आली.

त्या गडबडीत त्या चौघांपैकी एकाची कुऱ्हाड बांधावर राहून गेली. माळ्याचे दोन खांब तसेही किडले होते. बायनामायनं त्या कुऱ्हाडीनं नवी बाभळ तोडली, खांब बदलले, पात्याला धार लावली आणि कुऱ्हाड चावडीवर आबासाहेबांच्या पुढं ठेवली.

‘‘अमीनसाहेबास्नी पोचती करा,’’ ती म्हणाली. ‘‘म्हनावं, चांगली हाय. कामाला आली.’’